जोड तुटला कुठे?

काचतंतू आणि इपॉक्सी राळेचा थर धातूच्या पातळ पत्र्यावर चिकटवला, की पहिला प्रश्न येतो: किती मेगापास्कलला, म्हणजे किती ताणाला, तुटला? मला त्या आकड्यापेक्षा तुटलेले तुकडे जास्त बोलके वाटतात. दोन्हींवर राळ उरली असेल, तर तडा राळेतून गेला आणि धातूशी पकड शाबूत होती. पत्रा कोरा, लख्ख निघाला, तर आकडा कितीही मोठा असो, तो जोड भरवशाचा नाही.

राळ खरं तर नुसत्या अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही. चिकटते ती हवेत लगेच तयार होणाऱ्या, काही नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडला. इपॉक्सी थोडं पाणी शोषते. ते सांध्यापर्यंत पोचलं, की ऑक्साइडचं हायड्रॉक्साइड होतं आणि पकड सुटू लागते. म्हणजे नव्या जोडाची ताकद आणि काही वर्षं दमट हवा खाल्लेल्या जोडाची ताकद या दोन वेगळ्याच गोष्टी. यासाठी विमान उद्योगात पत्र्यावर फॉस्फोरिक आम्लात अ‍ॅनोडायझिंग करतात. आम्लात बुडवलेल्या पत्र्यातून वीज सोडायच्या या प्रक्रियेतून बारीक छिद्रांचा, पाण्याला दाद न देणारा ऑक्साइड मिळतो आणि प्रायमर त्या छिद्रांत मुरतो.

28 एप्रिल 1988 रोजी हवाईवर उडणाऱ्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चं छत सुमारे साडेपाच मीटर लांबीत उडालं. एका हवाई सेविकेचा जीव गेला. तिथे जोड पत्र्याला पत्र्याचा होता, पण दुखणं हेच: चिकटवलेले सांधे सुटले, ओल शिरली, गंज चढला, सगळा भार रिव्हेटांवर आला आणि त्यांच्या भोकांपाशी तडे गेले.

पातळ पत्र्याची आणखी एक अडचण आहे. तो सहज वाकतो, त्यामुळे ताण जोडभर न पसरता कडेवर एकवटतो आणि थर सोलला जातो. शिवाय 100 अंश थंड होताना एक मीटर अ‍ॅल्युमिनियम सुमारे 2.3 मिलिमीटर आखडतं, काचतंतूच्या जागी कार्बन तंतू घेतला, तर तो लांबीत जवळजवळ आखडतच नाही. कार्बनच्या थेट स्पर्शाने, ओल असेल तर, अ‍ॅल्युमिनियम गंजतंही. एअरबस ए380 च्या वरच्या कवचात वापरलेल्या ग्लेअर या थरांच्या साहित्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये काचतंतूच आहेत.

खरी पंचाईत तपासणीची. श्राव्यातीत लहरींना (अल्ट्रासाउंडला) सांध्यातली पोकळी दिसते. पण थर एकमेकांना टेकलेले असून पकड कच्ची असेल, तर ती भरवशाने ओळखता येत नाही. म्हणून चिकटवण्याआधीच पत्र्यावर पाणी सोडून बघतात. पाण्याचा पापुद्रा कुठे फाटला, तर तिथे तेलकटपणा उरलाय. पत्रा पुन्हा साफ करायचा.