खडी पसरणारी श्योक

लडाखच्या श्योक नदीबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते: श्योक म्हणजे 'मृत्यूची नदी', आणि हे नाव यारकंदच्या (आज चीनच्या शिनजियांगमधलं, तुर्की कुळातली भाषा बोलणारं शहर) व्यापाऱ्यांनी दिलं. गोष्ट पटते, कारण लेहहून यारकंदला जाणारे तांडे हिवाळ्यात याच नदीच्या गोठलेल्या पात्रातून जात. उन्हाळ्यात पाणी चढलं की त्यांना सासेर ला या बर्फाळ खिंडीचा वळसा घ्यावा लागे. शिवाय नदीच्या वरच्या टापूतली बरीच नावं खरोखरच तुर्की आहेत. चोंग कुमदान आणि किचिक कुमदान या हिमनद्यांमधलं 'चोंग' म्हणजे मोठं, 'किचिक' म्हणजे लहान. दौलत बेग ओल्डी म्हणजे 'दौलत बेग जिथे मेला ती जागा'.

पण श्योक हे नाव बहुधा तुर्की नाही. लडाखीत 'शा' म्हणजे खडी आणि 'ग्योग' म्हणजे पसरणं. शाग्योग, म्हणजे खडी पसरणारी. मला हाच अर्थ जास्त भावतो, कारण तो नदीकाठी शेती करणाऱ्यांच्या अनुभवातून आलेला आहे.

श्योक रिमो हिमनदीतून निघते. हिमनदी सरकताना खालचा खडक खरवडते आणि तो चुरा नदीच्या हवाली करते. उन्हाळ्यात दुपारनंतर बर्फ वितळून पाणी वाढतं, तेव्हा गोटे वाहू लागतात. जोर ओसरला की जिथल्या तिथे बसतात. मग पाणी नवी वाट काढतं. म्हणून नुब्रा खोऱ्यातल्या दिस्कित गावाजवळ नदी एका धारेने वाहत नाही. रुंद, करड्या पात्रात तिच्या अनेक धारा वेणीच्या पेडांसारख्या फुटतात आणि पुन्हा मिळतात.

कधी हिमनदीच पात्रात आडवी येते. चोंग कुमदानने असा बांध घातला आणि मागे मोठं सरोवर साचलं. ऑगस्ट 1929 मध्ये तो बर्फाचा बांध फुटला आणि सुमारे 135 कोटी घनमीटर पाणी खाली धावलं. असा पूर येऊन गेला की शेतावर उरते ती खडीच.

नदीचा मार्गही विलक्षण आहे. रिमोपासून ती दक्षिणेकडे येते, वाटेत गलवान तिला मिळते (ही नदी मात्र माणसाच्या नावाची: लडाखी वाटाड्या गुलाम रसूल गलवान यांच्या). मग पँगाँग पर्वतरांगेशी ती एकदम वायव्येला वळते, जणू आल्या दिशेला परत. हे वळण समजून घ्यायचं तर जमिनीखाली पाहावं लागतं. काराकोरम प्रस्तरभंग ही कवचातली प्रचंड भेग इथून जाते. भेगेलगतचा खडक चुरडलेला, म्हणून नदीला कोरायला सोपा. सियाचीनहून येणारी नुब्राही याच भेगेच्या रेषेत वाहते. पुढे श्योक तुर्तुकवरून बाल्टिस्तानात जाते आणि स्कर्दूच्या अलीकडे केरीसजवळ सिंधूला मिळते.

काराकोरम या शब्दाचा तुर्की अर्थही 'काळी खडी' असाच आहे. दोन भाषांच्या माणसांनी इथे आधी तीच पाहिली.