पार्श्वभूमी : ‘खुकरी’चा वेग आणि पॉलराज यांचा सोनार

भारतीय नौदलातले अभियंते आरोग्यस्वामी पॉलराज यांचं नाव निघालं की हल्ली चर्चा थेट वायफायवर जाते. नौदलातली नोकरी एका वाक्यात उरकतात. मुंबईकरांना जवळचा भाग नेमका त्याच वाक्यात दडलेला आहे.

९ डिसेंबर १९७१. भारत-पाक युद्ध चालू होतं. मुंबईहून गेलेल्या ‘खुकरी’ आणि ‘कृपाण’ या भारतीय युद्धनौका दीवजवळ पाणबुडीच्या मागावर होत्या. रात्री ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीचा पाणतीर लागला आणि काही मिनिटांत ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. वाद अजून घातला जातो तो जहाजाच्या वेगावरून. पाणबुडी जवळपास असेल तर वेगात, वाकडंतिकडं जायचं, हा रिवाज. ‘खुकरी’ मात्र १२ नॉटच्या (ताशी १२ सागरी मैलांच्या) आसपास रेंगाळत होती, कारण तिच्या सोनारला, म्हणजे ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून पाणबुडी हुडकणाऱ्या यंत्रणेला, पल्ला वाढवणारं एक प्रायोगिक उपकरण जोडलं होतं. वेग कमी ठेवला की जहाजाचा स्वतःचा गोंगाट घटतो आणि क्षीण प्रतिध्वनीही ऐकू येतो. ते उपकरण बनवणारा तरुण लेफ्टनंट जहाजावरच होता. तोही परतला नाही, कप्तानही नाही. मग खापर फोडायला दोघं आयतेच सापडले.

वेग वाढवला असता तर नेम साधणं अवघड गेलं असतं, हे खरंच. पण तो जुना ब्रिटिश सोनार सर्चलाइटसारखा एकेका दिशेला फिरवावा लागे. त्यात अरबी समुद्राचं वरचं पाणी कोमट, खालचं गार. ध्वनी वाकतो आणि पाणबुडी त्या थराखाली बिनधास्त राहते. ‘हंगोर’ला फार लांबून ऐकू येत होतं. हे बाजूला ठेवून नुसत्या नॉटांचा हिशेब मांडणं मला तरी पटत नाही.

दिल्लीत संशोधन करणाऱ्या पॉलराज यांनी युद्धानंतर आधी तोच जुना सोनार सुधारला. पुढे कोचीत ‘अप्सोह’ घडला : चहूबाजूंना एकाच वेळी कान देणारा, डिजिटल. १९८३ मध्ये तो ‘हिमगिरी’वर आला. ही फ्रिगेट जातीची युद्धनौका माझगावच्या गोदीत बांधलेली.

१९९१ मध्ये ते निवृत्त होऊन कॅलिफोर्नियाला गेले. अनेक अँटेनांतून एकाच लहरीवर वेगवेगळे संदेश पाठवायचे आणि पलीकडे ते निवडायचे, या कल्पनेला १९९४ मध्ये पेटंट मिळालं. अनेक ध्वनिग्राहकांवर पडलेल्या ध्वनीतून दिशा हुडकण्याचं सोनारमधलं गणित याच घराण्यातलं. वायफायमध्ये आणि ४जीमध्ये ही कल्पना पोचली. २०१४ मध्ये मार्कोनी पारितोषिक आलं.