मुंबईचे फुटपाथ, रात्र निवारे आणि मोजणी: बेघरांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

मुंबईत फुटपाथवर राहणारे कुटुंब बहुधा आपल्या कामाच्या कडेला राहत असते. गोदीतली हमाली, भायखळ्याचा भाजीबाजार, नाक्यावरची बिगारी, आसपासच्या इमारतींतली धुणीभांडी, या सगळ्या कामांवर चालत पोचता येणे हेच त्या जागेचे खरे मोल. हे अंतर ज्या योजनेने हिशेबात धरले नाही ती फसली, आणि हे गेल्या चाळीस वर्षांत पुनःपुन्हा दिसले आहे.

जुलै १९८१ मध्ये, भर पावसात, अ. र. अंतुले यांच्या सरकारने फुटपाथवरच्या झोपड्या पाडून लोकांची त्यांच्या मूळ गावी रवानगी करायला घेतली. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला: जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. हा निकाल आजही अभिमानाने सांगितला जातो, पण त्याची दुसरी बाजू लोक विसरतात. नोटीस देऊन झोपड्या काढायला न्यायालयाने मुभाच दिली होती. फक्त ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, थांबायला सांगितले.

त्या टांगत्या तलवारीखाली भायखळ्यात खरे काम उभे राहिले. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पार्क’ संस्थेने १९८५ मध्ये फुटपाथवासीयांची घरोघर मोजणी केली. सुमारे सहा हजार कुटुंबांची नोंद झाली. ही माणसे कुठून आली, काय कमावतात, कामाला कशी जातात हे पहिल्यांदा कागदावर आले. पुढच्या वर्षी तिथल्याच बायकांची ‘महिला मिलन’ उभी राहिली. रोजची बचत गोळा करणाऱ्या बहुतेकींना लिहितावाचता येत नव्हते. मग प्रत्येक घराची एक प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यात रकमेप्रमाणे वेगवेगळ्या रंगाचे कागदाचे तुकडे. हेच त्यांचे पासबुक. याच बायकांनी आपल्या घराची मापे ठरवली: चौदा फूट उंचीची खोली, म्हणजे आत पोटमाळा निघतो आणि तेवढ्याच जमिनीत झोपायला दुसरी जागा मिळते. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवासी पात्र धरले गेले, त्यामागे हा दहा वर्षांचा रेटा होता. मानखुर्दचे मिलन नगर त्यातूनच वसले. डोक्यावर पक्के छप्पर आले, पण भायखळ्याचे काम दूर गेले.

रात्र निवाऱ्यांची कहाणी मात्र दिल्लीच्या थंडीतून आली. तिथला एक निवारा पाडल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१० पासून आदेशांची मालिका दिली: मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही बारा महिने चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे १२४ निवारे हवेत. मुंबई त्याच्या जवळपासही पोचलेली नाही.

केंद्र सरकारच्या २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने निवाऱ्यांचे निकष बारकाईने घालून दिले. माणशी किमान ५० चौरस फूट जागा. आठ-आठ तासांच्या पाळ्यांत तीन काळजीवाहक आणि वर एक व्यवस्थापक. जागा रेल्वे स्थानक, बस आगार, घाऊक बाजार यांच्या जवळ. गडबड नेमकी इथेच होते: मोकळी पालिकेची वास्तू मिळते ती बाजारापासून लांब, आणि मग खाटा रिकाम्या राहतात. दुसरी अडचण कुटुंबांची. पुरुषांचा निवारा वेगळा, बायकांचा वेगळा असला की नवराबायको, कळती मुले यांची ताटातूट होते. हातगाडी आणि भांड्यांचे बोचके ठेवायला जागा नसते. असे कुटुंब जूनच्या तोंडावर ताडपत्री बांधून फुटपाथवरच राहते. यात त्यांचा हट्ट नाही, साधा व्यवहार आहे. मुंबईत बेघरांचा कठीण हंगाम पावसाळा. त्यामुळे थंडीसाठी घोंगड्या वाटण्यापेक्षा मे महिन्यात ताडपत्री आणि पाणी न साचणारी जागा देणे जास्त कामाचे.

आकड्यांचाही घोळ आहे. २०११ ची बेघर मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. मुंबईत सुमारे ५७ हजार नोंदले गेले, पण त्या रात्री मार्केटात पाट्या उचलणारा माणूस झोपण्याच्या जागी कसा सापडणार?

नोंद नसण्याची किंमत जबर आहे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात निर्वाहाचे साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी भटकणेही ‘भीक’ ठरते, आणि पहिल्याच खेपेस एक ते तीन वर्षे संस्थेत डांबता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथल्यापुरत्या यातल्या बऱ्याच तरतुदी रद्द केल्या. महाराष्ट्रात कायदा कायम आहे.

म्हणून जाणते कार्यकर्ते जेवणाच्या पाकिटाबरोबर मतदार नोंदणीचा नमुना ६ घेऊन फिरतात. बेघराला पत्त्याचा पुरावा द्यावा लागत नाही. तो सांगेल त्या जागी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री, एकाहून अधिक वेळा, जाऊन तो तिथेच झोपतो याची खात्री करायची असते. अर्ज फेटाळला गेला तर बहुधा अधिकारी दिवसा येऊन गेलेला असतो. तेव्हा अर्जात ‘अमुक दुकानाच्या शटरसमोर, रात्री अकरानंतर’ इतके नेमके लिहावे. आणि मतदार कार्ड हाती आले की त्याची एक प्रत दुसऱ्या कुणाकडे ठेवावी, कारण पालिकेची गाडी येते तेव्हा बोचक्याबरोबर कागदही जातात.