ग्रंथनोंदीतील रिकामी जागा : लिंक्ड डेटापर्यंतची पार्श्वभूमी

पुस्तकावर प्रकाशनस्थळ किंवा प्रकाशक छापलेला नसल्यास कार्ड तालिकेत चौकोनी कंसात ‘सिने लोको’ (स्थळाविना), ‘सिने नोमिने’ (नावाविना) या लॅटिन शब्दांची लघुरूपे लिहिली जात. २०१० मध्ये आलेल्या आरडीए या तालिकीकरणाच्या नियमांनी त्यांच्या जागी सरळ भाषेतली वाक्ये आणली. आशय मात्र तोच राहिला: शोधले, सापडले नाही.

१९६० च्या दशकात आकाराला आलेल्या मार्क या संगणकीय ग्रंथनोंदीच्या रचनेने ही अनुपस्थिती संकेतांत बांधली, आणि ती किती बारकाईने बांधली याचा आज विसर पडतो. पुस्तकांच्या नोंदीतील चाळीस अक्षरी ००८ क्षेत्रात २८ क्रमांकाचे स्थान शासकीय प्रकाशनासाठी राखलेले आहे. तेथील कोरी जागा म्हणजे माहितीचा अभाव नव्हे. ‘हे शासकीय प्रकाशन नाही’ असे ते ठाम विधान आहे. ‘यू’ हे अक्षर ‘शासकीय आहे की नाही ते कळत नाही’ असे सांगते, तर उभी रेघ ‘संकेत देण्याचा प्रयत्नच केलेला नाही’ याची कबुली देते.

आता या नोंदी लिंक्ड डेटात, म्हणजे वेबवर एकमेकांशी जोडलेल्या, यंत्राला वाचता येणाऱ्या विधानांत, बदलल्या जातात. त्यासाठीच्या, १९९९ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध झालेल्या आरडीएफ या रचनेत विधान एक तर असते, नाहीतर नसते. मुक्त विश्वाच्या गृहीतकानुसार जे सांगितलेले नाही ते खोटे ठरत नाही, एवढेच. मार्कमधून आरडीएफमध्ये रूपांतराच्या तक्त्यात केवळ होकारार्थी संकेतांसाठी विधाने तयार केली, तर वरील तिन्ही खुणा एकाच मौनात विरून जातात. रिकामी क्षेत्रे सरळ गाळावीत, हा सल्ला तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असला, तरी तालिकाकाराने घेतलेला शोध त्याने पुसला जातो.

यावर उपाय म्हणून ‘अज्ञात’ या कल्पनेलाच स्वतंत्र यूआरआय (वेबवरील अद्वितीय ओळखखूण) द्यावा, असे सुचवले जाते. त्यात धोका असा की स्थळ माहीत नसलेली दोन पुस्तके यंत्राच्या दृष्टीने एकाच ठिकाणी प्रकाशित झालेली ठरतात. दुसरा पर्याय ब्लँक नोडचा, म्हणजे आरडीएफमधील निनावी घटकाचा, आणि येथे नावानेच घोटाळा केला आहे. ब्लँक नोड रिकामा नसतो. आरडीएफच्या २००४ च्या अर्थविवरणानुसार तो ‘असे काहीतरी अस्तित्वात आहे’ असे सांगतो. म्हणजे प्रकाशक होता, त्याचे नाव तेवढे दिलेले नाही. ज्या हस्तलिखिताला प्रकाशक कधी नव्हताच, त्याच्या नोंदीत ब्लँक नोड ठेवणे म्हणूनच चुकीचे विधान ठरते. शिवाय त्याची खूण त्या फाइलपुरतीच असल्याने बाहेरून तिचा निर्देश करता येत नाही. आरडीएफच्या २०१४ च्या आवृत्तीने अशा नोडच्या जागी नवा, अद्वितीय आयआरआय (यूआरआयचेच विस्तारित रूप) वापरण्याची वाट दाखवली.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटा या मुक्त माहितीसंचाने ‘मूल्य आहे, पण अज्ञात’ आणि ‘मूल्य नाही’ हे दोन प्रकार पहिल्यापासून वेगळे ठेवले. ग्रंथालयांनी तो भेद तेथून शिकण्याची वेळ यावी, हे थोडे विचित्रच, कारण तो त्यांच्याकडे आधीच होता. तारखांपुरता प्रश्न बराचसा सुटला आहे: मार्कमध्ये १९ नंतर दोन ‘यू’ लिहून दाखवलेले अनिश्चित वर्ष तारखा लिहिण्याच्या २०१९ च्या आयएसओ ८६०१-२ या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये दोन ‘एक्स’ घेऊन येते. प्रकाशकाच्या बाबतीत तसे झालेले नाही. ग्रंथनोंदींसाठीच्या बिबफ्रेम या लिंक्ड डेटा रचनेत ‘प्रकाशक निश्चित करता आला नाही’ हे वाक्य प्रकाशन-विधानाच्या साध्या मजकुरात जसेच्या तसे उतरू शकते. वाचकाला ते कळते, शोधयंत्राला ती केवळ अक्षरांची ओळ असते.