मराठी नावं न सापडण्यामागचा इतिहास: ट्रायग्रॅम इंडेक्स आणि पोस्टग्रेस १८

कोल्हापुरात सभासदांच्या याद्या मराठीत असतात. दूध संस्था असो, पतसंस्था असो, काउंटरवरचा माणूस नावाचा एखादा तुकडा टाकतो आणि सगळे कदम समोर यावेत अशी अपेक्षा असते. पोस्टग्रेस या डेटाबेसवर हे काम सहसा पीजी-टीआरजीएम या एक्स्टेन्शनचा (जोडभागाचा) इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, करतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर डेटाची एक चालती प्रत गावाबाहेर हवी, हे इथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. घोटाळा तिथूनच सुरू होऊ शकतो. मुख्य सर्व्हर ऑफिसातल्या इंटेल प्रोसेसरच्या मशीनवर राहतो, प्रत मात्र भाडं कमी म्हणून क्लाउडवरच्या एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या मशीनवर जाते. मग त्या प्रतीवर रोमन लिपीतली नोंद सापडते आणि काही मराठी नावं सापडत नाहीत. एरर येत नाही, लॉगमध्येही काही दिसत नाही.

‘कदम’ घ्या. एक्स्टेन्शन शब्दाच्या आधी दोन आणि नंतर एक मोकळी जागा धरून त्याचे तीन-तीन अक्षरांचे चार तुकडे (ट्रायग्रॅम) करतं. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे ‘कदम’ हा तुकडाच ९ बाइटचा होतो. साठवायला जागा ३ बाइटची, म्हणून त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून हिशोबानं काढलेली छोटी संख्या, तेवढीच ठेवतात. रोमन तुकडा मुळात ३ बाइटचा असल्यामुळे तो जसाच्या तसा राहतो.

जिस्ट या प्रकारच्या इंडेक्सच्या पानावर हे तुकडे क्रमानं लावलेले असतात. शोधताना प्रश्नाचे तुकडेही क्रमानं लावून दोन्ही याद्या शेजारी-शेजारी चालवतात. हा क्रम ठरवणारा कोड सी भाषेतला साधा ‘कॅर’ (एका बाइटचा डेटाप्रकार) वापरत होता, आणि तो ऋण संख्या धरायचा की नाही हे सी भाषेनं कंपायलरवर सोडलेलं आहे. लिनक्सवर इंटेलकडे तो चिन्हासकट असतो, एआरएमकडे बिनचिन्ही. १२७ पर्यंत फरक पडत नाही, त्यामुळे शुद्ध रोमन नोंदी सुखरूप राहतात. १२८ पासूनचे बाइट मात्र इंटेलवर सगळ्यांच्या आधी लागतात आणि एआरएमवर सगळ्यांच्या शेवटी. एका क्रमानं लिहिलेली यादी दुसऱ्या क्रमानं वाचली की जुळणारी ओळ हातातून निसटते. इंडेक्सनं जादा ओळ दिली तर पुढच्या पडताळणीत ती गळते. न दिलेली ओळ मात्र कुठूनच परत मिळत नाही.

सर्व्हर सुरू होताना कंट्रोल फाइलमधून (डेटासोबत राहणारी मूलभूत नोंदींची फाइल) ब्लॉकचा आकार, अलाइनमेंट अशा गोष्टी तपासतो. ६४-बिट इंटेल आणि एआरएमवर त्या जुळतात. चिन्हाबद्दल कुणी विचारतच नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची वाटते: सगळीकडे बिनचिन्ही करा. पण तसं केलं असतं तर इंटेलवरचे वर्षानुवर्षांचे इंडेक्स अपग्रेडनंतर चुकीची उत्तरं देऊ लागले असते. चिन्हासकट केलं असतं तर तोच फटका एआरएमवाल्यांना बसला असता. २००८ च्या ८.३ वर जाताना डेटा डंप करून पुन्हा भरावा लागे, इंडेक्स आपोआप नव्यानं बनत. तेव्हा दोष लक्षात आला असता तर एक बाजू निवडून विषय मिटला असता. पुढे जागच्या जागी अपग्रेड होऊ लागलं आणि जुने इंडेक्स आवृत्तीमागून आवृत्ती सोबत येत राहिले.

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १८ नं बाजू न निवडता नोंद ठेवली. कंट्रोल फाइलमध्ये चिन्हाचं एक नवं खानं आलं. एक्स्टेन्शनमध्ये तुलनेची दोन फंक्शनं आली आणि ती नोंद वाचून त्यांतलं एक चालतं. नवा क्लस्टर (एका सर्व्हरचा सगळा डेटासंच) मात्र कुठल्याही मशीनवर बनवला तरी ‘चिन्हासकट’च असतो. एआरएमवर तो सक्तीचा का, ही शंका रास्त आहे. पण इथे कुठला क्रम जास्त शुद्ध हा प्रश्नच नाही, सगळे एका क्रमावर येणं महत्त्वाचं आहे. ‘बिनचिन्ही’ क्लस्टर आता फक्त अपग्रेडमधूनच येऊ शकतात, त्यामुळे ते हळूहळू कमी होत जातील. ज्यांचा डेटा बरोबर चालत होता त्यांना एकही इंडेक्स पुन्हा बांधावा लागू नये, ही काळजी मला या निर्णयातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

किंमतही आहे. खानं कंट्रोल फाइलमधलं असल्यानं ही दुरुस्ती १७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत गेली नाही. तिथे ‘ऑल्टर एक्स्टेन्शन अपडेट’ ही आज्ञा चालवूनही काही होत नाही, कारण दोष एसक्यूएलच्या व्याख्यांत नव्हताच. शिवाय जुन्या आवृत्तीवरून येताना पीजी-अपग्रेड हे अपग्रेडचं साधन ज्या मशीनवर चालतं तिचंच चिन्ह गृहीत धरतं. इंटेलवर जन्मलेला क्लस्टर एआरएमवर नेऊन मग अपग्रेड केला तर ते गृहीतक चुकतं. तेवढ्यासाठी ‘सेट-कॅर-साइंडनेस’ हा पर्याय दिला आहे, आणि मूळ क्लस्टर चिन्हासकट होता की बिनचिन्ही ते तिथे आपणच सांगायचं असतं.