पॉइंट बँकेचे, माइल्स विमान कंपनीचे

भाचीचा दुसरा पगार खात्यात पडला आणि तिचा फोन आला. "मामा, माइल्सचं क्रेडिट कार्ड घेऊ का? विमानाचं तिकीट फुकट मिळतं म्हणे." मी विचारलं, गेल्या वर्षात विमानात किती वेळा बसलीस? एकदाही नाही. आणि रेल्वेनं? तिला मोजता येईना. मिरज-पुणे तर तिच्या पायाखालचं झालंय.

पॉइंट आणि माइल्स या दोन गोष्टी एकच समजून खूप जण कार्ड निवडतात, म्हणून हे लिहितोय.

कार्डावर केलेल्या खर्चाचे पॉइंट बँक देते आणि ते बँकेच्या खात्यात राहतात. त्यातून व्हाउचर घ्या, बिलात वळते करा, तिकीट काढा. काही कार्डांवर तेच पुढे माइल्समध्येही बदलता येतात. माइल्स मात्र एका विमान कंपनीचे. ते वापरायचे तर त्याच कंपनीच्या किंवा तिच्या भागीदारांच्या विमानात, आणि तेही माइल्सवर देण्यासाठी जागा शिल्लक असेल तर. शिवाय विमानतळाचे कर बहुतेक वेळा वेगळे पैसे देऊन भरावे लागतात, म्हणजे "फुकट" तिकीटही पूर्ण फुकट नसतं.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद साठवायचे, तसे माइल्स साठवता येतात असं वाटतं. पण साठवलेल्या हळदीचा भाव वाढूही शकतो. माइल्सचा भाव कंपनी ठरवते. कालपर्यंत जेवढ्यात तिकीट मिळायचं, तेवढ्यात उद्या मिळेलच असं नाही. मुदत संपली की ते जातातही. कंपनीच राहिली नाही तर? विस्तारा ही विमान कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. लोकांचे पॉइंट एअर इंडियाकडे वळते झाले, पण विस्ताराच्या नावाची कार्डं ज्या हिशेबाने घेतली होती तो हिशेब तिथेच संपला.

सांगलीला विमानतळ नाही. कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ जवळ, पण तिथून मोजक्याच शहरांना विमानं. बाकी शहरांसाठी पुणे गाठावं लागतं. ज्या कंपनीच्या विमानात तुम्ही वर्षातून एकदाही बसत नाही, तिचे माइल्स साठवून काय करणार?

आता आकडे. भाचीचा कार्डावरचा खर्च महिन्याला १५,००० धरू, वर्षाला १,८०,०००. साध्या कार्डावर १०० रुपयांना १ पॉइंट आणि पॉइंटची किंमत २५ पैसे असेल, तर वर्षाचे १,८०० पॉइंट, म्हणजे ४५० रुपये. कार्डाची वार्षिक फी ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असेल, तर ५९० गेले. इथंच खड्डा पडला. म्हणून पहिलं कार्ड फी नसलेलं बघा, किंवा फी वसूल होईल इतका फायदा देणारं.

रेल्वेवाल्यांना असा फायदा मिळू शकतो. आयआरसीटीसीच्या नावाच्या एसबीआय कार्डावर एसी वर्गाचं तिकीट आयआरसीटीसीवरून काढलं की १० टक्क्यांपर्यंत पॉइंट मिळतात, आणि एक पॉइंट म्हणजे एक रुपया. वर्षाला १२,००० रुपयांची एसी तिकिटं काढणाऱ्याला १,२०० रुपयांपर्यंत. स्लीपरच्या तिकिटाला हा दर नाही, हे मात्र नीट लक्षात ठेवा. आपल्याकडचे बरेच लोक स्लीपरनंच जातात. अर्ज करायच्या दिवशी दर आणि फी बँकेच्या साइटवर पुन्हा तपासा, ते बदलतात.

पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर अनेक कार्डं पॉइंट देत नाहीत. परदेशात कार्ड वापरलं तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास जादा लागू शकतात. पगाराची स्लिप नसलेल्यांनी, म्हणजे शेती-व्यापारातल्यांनी, एफडीवर मिळणारं कार्ड विचारावं.

सगळ्यात महाग पडतं ते वेगळंच. बिल थकलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. १५,००० वर ५२५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. वर्षभर जमवलेले ४५० रुपये एका महिन्यात गेले! बिलावर ठळक छापलेली "मिनिमम ड्यू", म्हणजे भरायची किमान रक्कम, भरली तरी उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं.

भाचीनं शेवटी फी नसलेलं साधं पॉइंटचं कार्ड घेतलं. ऑटो-पे, म्हणजे बिल आपोआप भरलं जायची सोय, लावताना ॲपमध्ये "मिनिमम ड्यू" आधीच निवडलेलं होतं. तिनं ते बदलून "टोटल ड्यू" केलं आणि स्क्रीनचा फोटो मला पाठवला.