पारोचे थडगे अजिंठ्याला, गिलचे भुसावळला

अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करणारा चित्रकार मेजर रॉबर्ट गिल हा त्याच्या प्रिय पारोच्या मृत्यूनंतर झुरून लवकरच गेला आणि तिच्याच शेजारी पुरला गेला, ही कथा खानदेशात इतक्या विश्वासाने सांगितली जाते की दोन्ही दगड एकदा वाचून पाहावेत असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पारोचे थडगे अजिंठा गावात आहे. त्यावरील इंग्रजी लेखात ‘माझी प्रिय पारो’ अशा अर्थाचे शब्द असून तिच्या मृत्यूची तारीख 23 मे 1856 कोरलेली आहे. गिलचा मृत्यू 1879 मध्ये झाला आणि त्याची कबर आहे ती भुसावळच्या युरोपीय दफनभूमीत. म्हणजे मधे तब्बल 23 वर्षे गेली. या काळात तो लेण्यांतच काम करीत राहिला, छायाचित्रणाकडे वळला, आणि आपल्या बहुतेक प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्याचे दुःखही त्याने पचवले. (लेणी त्यानेच शोधली, हाही असाच एक गैरसमज, 1819 मध्ये ती जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली, तेव्हा गिल शाळकरी वयाचा होता.)